हात लावून पाहायच्या बाहुल्या : एचआयव्ही जनजागृतीसाठी आपल्या गावात प्रदर्शन कसं भरवावं

१ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन. १९८८ पासून तो जगभर पाळला जातो. आपल्याकडे त्या दिवशी शाळकरी मुलांची फेरी निघते, घोषणा होतात आणि दुपारपर्यंत सगळं आटोपतं. ज्या बाईला नवऱ्याच्या तपासणीबद्दल काही विचारायचं असतं, ती दारात उभी राहून फेरी पाहते आणि आत जाते. घोषणा देणाऱ्याला कोणी प्रश्न विचारत नाही. कापडी बाहुलीसमोर मात्र माणूस थांबतो, तिचा पदर चाचपतो, शेजारच्या माणसाशी दोन शब्द बोलतो, आणि मग हळूच विचारतो.

बाहुलीच्या तोंडून अवघड गोष्ट बोलण्याची सवय आपल्या घरांत जुनी आहे. बाहुला-बाहुलीच्या लग्नात मुली हुंडा, मानपान, सासूचा राग असं सगळं बोलून घ्यायच्या. मोठ्यांसमोर यातला एक शब्दही निघाला नसता. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात हेच फार मोठ्या दुःखाच्या काळात घडलं. तिथे एचआयव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळे एड्स होतो त्याची, साथ भयंकर पसरलेली होती, आणि बायकांनी लैंगिक विषय उघडपणे काढू नयेत असा रिवाज होता. १९९०च्या दशकाच्या अखेरीस डर्बन शहरातल्या डिझाइन शिक्षिका केट वेल्स यांनी खेड्यांतल्या मणीकाम करणाऱ्या झुलू बायकांबरोबर 'सियाझामा' हा प्रकल्प सुरू केला. त्या बायकांनी कापडाच्या आणि मण्यांच्या बाहुल्या केल्या. घरातलं आजारपण, मागे राहिलेली मुलं, नवऱ्याला विचारता न येणारे प्रश्न, हे सगळं त्यांनी त्या बाहुल्यांमध्ये ओवलं.

हे काम तुमच्या महिला मंडळाला, बचत गटाला, वाचनालयाला किंवा महाविद्यालयाच्या रेड रिबन क्लबला (एचआयव्ही जनजागृती करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटाला) जमण्यासारखं आहे. खर्च फार नाही. वेळ मात्र द्यावा लागतो.

गणपती विसर्जनानंतर लगेच सुरुवात करा

प्रदर्शन १ डिसेंबरच्या आठवड्यात ठेवायचं असेल तर दिवाळीनंतर जागं होऊन चालत नाही. दिवाळीच्या आधी आणि नंतर मिळून पंधरा दिवस फराळ, साफसफाई, पाहुणे आणि माहेरपण यांत जातात. बचत गटाच्या बायकांकडे फराळाच्या ऑर्डरी असतात. म्हणून विसर्जन झालं की पहिली बैठक घ्या. नवरात्रापर्यंत कोणकोणत्या बाहुल्या करायच्या ते ठरवा, दिवाळीआधी निम्म्या शिवून घ्या, आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत शेवटची बाहुली पूर्ण करा. उरलेले दिवस पाट्या आणि मांडणीला लागतात. तेवढे लागतातच.

पहिल्या बैठकीला आठ-दहा माणसं पुरेत. त्यात टाके नीट जमणारी दोघं-तिघं हवीत, एखादा शिंपी असला तर उत्तमच. गावातल्या आशाताई हव्यात. आणि एक माणूस हवाच हवा : जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्राचे समुपदेशक. लोक या केंद्राला 'आयसीटीसी' म्हणतात. समुपदेशकांशी संपर्क कसा करायचा हे कळत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाला भेटा. राज्याच्या पातळीवर महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था आहे, मुंबईसाठी मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था, आणि गोव्यात गोवा राज्य एड्स नियंत्रण संस्था. लाल रिबीन, माहितीपत्रकं, निरोधची पाकिटं यासाठी त्यांच्याकडे लेखी मागणी करता येते. पत्र एक-दीड महिना आधी द्या, कारण डिसेंबरच्या तोंडावर सगळ्यांच्याच मागण्या येतात.

एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींचा या कामात सहभाग असेल तर प्रदर्शनाला वेगळं बळ येतं. पण तो सहभाग मागण्याची एक रीत आहे. गावात कोणाला आहे याची चौकशी करायची नाही, कुजबुजतसुद्धा नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या स्वतःच्या संघटना आहेत. त्यांना समुपदेशकांमार्फत किंवा थेट निरोप द्या. ज्यांना यायचं असेल ते येतील. ते शिवायला बसले तर इतरांसारखेच बसतील, त्यांची ओळख करून दिली जाणार नाही, आणि कोणती बाहुली कोणी केली हे कुठेही लिहिलं जाणार नाही. 'एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७' १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कोणाचीही एचआयव्ही स्थिती तिच्या किंवा त्याच्या संमतीशिवाय उघड करणं या कायद्याने मना आहे. नोकरी, शाळा, उपचार, राहतं घर यांत भेदभाव करणंही मना आहे. पहिल्या बैठकीत हे सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. नंतर कोणाच्या तोंडून चुकून नाव निघालं तर ते परत घेता येत नाही.

कोणाच्या बाहुल्या करायच्या

इथे भरपूर वेळ घालवा. एका हॉलसाठी तीस-चाळीस बाहुल्या पुरतात. प्रत्येकीने मनाला येईल ती केली तर मात्र हमखास एक गोष्ट होते : सगळ्या बायकाच होतात. दुःखी बाई, विधवा बाई, मुलाला कडेवर घेतलेली बाई. पुरुष कुठे दिसतच नाही. मग पाहणाऱ्याला वाटतं की हा बायकांचा आजार आहे, बायकांनी आणला आणि बायकांनीच सोसायचा. म्हणून यादी आधी करा आणि निम्मे पुरुष घ्या. लग्नाआधी स्वतःहून तपासणी करून घेणारा तरुण असू द्या. बायकोबरोबर तपासणी केंद्राच्या बाकावर बसलेला नवरा असू द्या. नातवाला गोळ्यांची वेळ सांगणारे आजोबा असू द्या.

बाकीची यादी तुमच्या भागातूनच येईल. बीडकडची मंडळी असतील तर कोयता घेऊन निघालेलं ऊसतोड जोडपं येईल, महामार्गालगतचं गाव असेल तर ट्रकचालक येईल, कोकणात मुंबईहून सुट्टीला आलेला चाकरमानी येईल. गरोदरपणाची तपासणी करून घेणारी बाई, आशाताई, परिचारिका, शाळेत जाणारी मुलगी, तृतीयपंथी व्यक्ती, देहविक्रय करणारी स्त्री. शेवटच्या दोघींना यादीतून गाळण्याचा आग्रह बहुतेक बैठकांत होतो. गाळू नका. सांगलीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी स्वतः पुढे होऊन निरोधचा वापर वाढवण्याचं आणि एकमेकींना सांभाळण्याचं काम नव्वदच्या दशकापासून केलं आहे. महाराष्ट्रातल्या एचआयव्हीविरोधी कामाच्या इतिहासात त्यांचं स्थान मोठं आहे. त्यांची बाहुली ताठ मानेने उभी असावी.

सांगाडे, कवट्या, दोरीला लटकलेली माणसं, काळे कपडे घातलेला मृत्यू यातलं काहीही करू नका. एके काळी भिंतीभिंतीवर अशी चित्रं असायची. घाबरलेला माणूस तपासणीला जात नाही, तो लपतो. शिवाय आज ते चित्र खोटं आहे. भारतात सरकारी केंद्रांवर एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी, औषधं २००४ पासून मोफत मिळतात, आणि २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार सुरू करण्याचं धोरण आहे. वेळेवर गोळ्या घेणारा माणूस शेती करतो, दुकान चालवतो, लग्न करतो, म्हातारा होतो. बाहुल्यांत तोच माणूस दिसला पाहिजे.

चेहरा नसलेल्या बाहुल्यांची कल्पनाही पुष्कळांना आवडते, गोपनीयतेचं चिन्ह म्हणून. मला ती पटत नाही. ज्याला समाजाने आधीच तोंड लपवायला लावलं, त्याचा चेहरा आपणही पुसायचा का? डोळे-तोंड काढा. फक्त ते गावातल्या कोणासारखं दिसणार नाही याची काळजी घ्या. कोणाच्या दुकानाची पाटी नको, कोणाच्या ओळखीच्या साडीचा रंग नको, कोणाचं लंगडणं नको.

शिवणकाम

या प्रदर्शनात 'हात लावू नये' ही पाटी लावायची नाही. स्पर्शाने एचआयव्ही होत नाही असं सांगणाऱ्या प्रदर्शनात बाहुल्या काचेआड ठेवल्या तर आपणच आपलं म्हणणं खोडून काढतो. प्रत्येक बाहुली उचलता आली पाहिजे, मांडीवर घेता आली पाहिजे, लहान मुलाला मिठी मारता आली पाहिजे. शिवणकामाचे सगळे निर्णय यावरून ठरतात.

अंगासाठी मांजरपाट घ्या. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला की त्याला त्वचेचा रंग चढतो. कमी-जास्त वेळ बुडवून वेगवेगळे वर्ण मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. कापड आधी धुवून घ्या, नाहीतर नंतर बाहुली धुतली की आकसते. सगळ्या बाहुल्या साधारण चौदा इंची ठेवल्या तर मांडताना एका गावातली माणसं वाटतात. एक मीटर मांजरपाटात अशा चार बाहुल्या बसतात. कपड्यांसाठी शिंप्याकडच्या चिंध्या, जुनं इरकल, खणाचे तुकडे, धोतर, शाळेच्या गणवेशाचा उरलेला कपडा चालतो. गावाच्याच कपड्यातून गावाच्या बाहुल्या झाल्या की पाहणाऱ्याला त्या परक्या वाटत नाहीत.

जाड कागदावर एकच साचा कापा : डोकं, मान, धड, दोन हात, दोन पाय. मान मुद्दाम रुंद ठेवा, कारण बारीक मानेची बाहुली चार हातांतून गेली की मान टाकते. कापड दुहेरी घडी करून साचा आखा, पाव इंच माया सोडून कापा. उलट्या बाजूने टीप मारा, काखेत आणि मानेच्या वळणावर टीप दुहेरी मारा, आणि त्या वळणांवर कात्रीने छोटे काप द्या म्हणजे उलटल्यावर चुण्या पडत नाहीत. कुशीला दोन इंच उघडं ठेवून तिथून बाहुली सुलट करा. भरायला फायबर वापरा, एका बाहुलीला साधारण सव्वाशे ते दीडशे ग्रॅम लागतो. कापूस भरलेली बाहुली धुतली तर आत गोळे होतात आणि वाळायला फार वेळ लागतो. मानेत भर ठासून घाला. शेवटी कुस काजटाक्याने बंद करा.

टाचण्या, तारा, काचमणी, सुटी बटणं वापरू नका. डोळे दोऱ्याने भरा, केस लोकरीचे करून मुळाशी टिपेने पक्के करा, मंगळसूत्र काळ्या दोऱ्याने अंगावरच भरा. लाल रिबीनसुद्धा शिवूनच लावा. हे चिन्ह १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कलाकारांनी पुढे आणलं आणि आता ते कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. पण सगळ्याच बाहुल्यांना ती लावा किंवा कुणालाच नको. एखाद-दोघींनाच लावली तर तो शिक्का होतो.

ज्यांना शिवणयंत्र चालवता येत नाही त्यांना कपडे, केस, वेण्या, टोप्या द्या. पुरुषांना आणि कॉलेजच्या मुलांना भर घालायला बसवा. हात कामात असले आणि नजर खाली असली की माणसं बोलतात, म्हणून समुपदेशकांना भाषणाला न बोलावता शिवायला बोलावा. त्यांनी शेजारी बसून एखाद्या झग्याला हातशिलाई करावी. 'ताई, डास चावला तर होतो का हो?' असे प्रश्न तिथेच निघतात. माझ्या मते अर्धं प्रदर्शन या शिवणाच्या दुपारींतच पार पडतं.

पाट्यांवर काय लिहायचं

प्रत्येक बाहुलीजवळ दोन-तीन ओळींची पाटी, ठळक अक्षरात, बोलीभाषेत. मजकूर समुपदेशकांकडून तपासून घेतल्याशिवाय एकही पाटी लावू नका. चुकीची पाटी शंभर जणांना चुकीचं शिकवते.

सांगायच्या गोष्टी मोजक्या आहेत. एचआयव्ही पसरतो तो निरोधशिवाय केलेल्या लैंगिक संबंधातून, दूषित रक्तातून, एकच सुई-सिरिंज अनेकांनी वापरल्याने, आणि आईकडून बाळाला. हस्तांदोलन, एका ताटात जेवण, एक पाणवठा, कपडे, संडास, डास, खोकला यांतून पसरत नाही. गरोदरपणी तपासणी आणि वेळेवर उपचार झाले तर बाळाला लागण होण्याचा धोका पाच टक्क्यांच्याही खाली आणता येतो. उपचार न घेता तो पंधरा ते पंचेचाळीस टक्के असतो. ही पाटी गरोदर बाईच्या बाहुलीजवळ हवीच. सुई टोचणं, जबरदस्ती, निरोध फाटणं असं काही घडलं तर बहात्तर तासांच्या आत, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, सरकारी रुग्णालय गाठावं, कारण प्रतिबंधक औषध तेवढ्याच वेळेत उपयोगी पडतं. आणि एक गोष्ट, जी अजून फार थोड्यांना माहीत आहे : नियमित औषधांनी रक्तातलं विषाणूचं प्रमाण मोजता न येण्याइतकं कमी झालं आणि तसंच टिकून राहिलं, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ही पाटी नवरा-बायकोच्या जोडीजवळ लावा. तिथे लोक सगळ्यात जास्त वेळ थांबतात.

'एड्सग्रस्त', 'एड्सचा बळी', 'निष्पाप बालक' असे शब्द पाट्यांवर नकोत. मूल निष्पाप म्हटलं की बाकीचे पापी ठरतात. 'एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती' एवढं पुरे. दर चार-पाच पाट्यांनंतर राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १०९७ मोठ्या अक्षरात येऊ द्या. तो टोल-फ्री आहे, आणि तिथे नाव न सांगता विचारता येतं.

मांडणी

जागा अशी हवी की तिथे जाण्याला दुसरंही काही कारण असेल. सार्वजनिक वाचनालय, शाळेचा हॉल, बाजारतळाजवळचं समाजमंदिर, बचत गटांच्या वस्तूंच्या विक्रीची जागा. फक्त एड्ससाठी बांधलेल्या मंडपात शिरायला माणूस दहा वेळा विचार करतो. वेळ आठवडी बाजाराच्या दिवशी धरा.

टेबलं खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीची ठेवा म्हणजे म्हाताऱ्यांना आणि मुलांनाही हात पोहोचतात. शिरताना डावीकडे रोजचं गाव मांडा : चावडी, पाणवठा, शाळा, एसटीचा थांबा. मध्यभागी एक पंगत बसवा. बारा-चौदा बाहुल्या, समोर छोट्या पत्रावळी, वाढपी, लहान मूल, म्हातारी. तिथे एकच पाटी : 'यातल्या कोणाला एचआयव्ही आहे हे बघून सांगता येत नाही. रक्ताच्या तपासणीनेच कळतं. आणि पंगतीत बसल्याने तो कोणालाच होत नाही.' पंगतीत दोन-तीन जागा रिकाम्या ठेवा आणि शेजारच्या बाहुल्या उचलून तिथे बसवायला पाहणाऱ्यांना सांगा. मुलं लगेच बसवतात, आणि त्यांच्या मागे मोठी माणसं येतात.

निरोधची माहिती आणि प्रात्यक्षिक पडद्याआड वेगळ्या कोपऱ्यात ठेवा, पुरुषांसाठी पुरुष कार्यकर्ता आणि बायकांसाठी बाई. कोणी म्हणेल, मुलांसमोर हे कशाला? त्यांना शांतपणे तो पडदा दाखवा. 'आमच्या गावात असलं काही नाही' असं म्हणणाऱ्या पुढाऱ्याशी वाद घालू नका. देशात सुमारे पंचवीस लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्राची आहे, एवढं सांगून उद्घाटनाची रिबीन त्यांच्याच हातात द्या. लहान बाहुलीला मांडीवर घेतलेला त्यांचा फोटो दुसऱ्या दिवशी गावभर फिरतो आणि आपलं काम पुष्कळ सोपं करतो.

पाहुण्यांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका. समुपदेशकांच्या टेबलाकडे कॅमेरा वळवायचाच नाही.

तपासणीची सोय

समुपदेशकांचं टेबल हॉलच्या आत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवू नका. बाजूची खोली द्या, तिला दोन दारं असली तर फारच चांगलं. हॉलमध्येच रक्त घेण्याचा मोह होतो, आकडा मोठा दिसतो म्हणून. पण तिथे कोण बसलं आणि किती वेळ बसलं हे सगळं गाव पाहतं. तपासणी करायचीच असेल तर ती आरोग्य विभागाने, आधी समुपदेशन करून, बंद खोलीत करावी. त्याच खोलीत रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिनची तपासणीही ठेवा. मग बाहेरची रांग साखरेची आहे की आणखी कशाची, हे कोणालाच कळत नाही. ही सोय जमत नसेल तर केंद्राचा पत्ता, वार, वेळ आणि तिथली तपासणी मोफत व गोपनीय असते एवढी माहिती खिशात मावेल अशा चिठ्ठीवर छापा. चिठ्ठीच्या दर्शनी बाजूला फक्त बाहुलीचं चित्र असावं, म्हणजे ती घरी कोणाच्या हाती पडली तरी प्रश्न उभे राहत नाहीत.

दाराजवळ प्रश्नांची पेटी ठेवा. कागद एकाच रंगाचे, पेन्सिली एकसारख्या, नाव लिहायचं नाही. पेटी रोज संध्याकाळी समुपदेशकांनीच उघडावी, मंडळाने नाही, कारण अक्षर ओळखीचं निघू शकतं. उत्तरं दुसऱ्या दिवशी मोठ्या कागदावर लिहून फळ्यावर लावा, प्रश्न आपल्या शब्दांत बदलून.

प्रदर्शन उठल्यावर

बाहुल्या मळलेल्या असतील, काहींचे केस ओढलेले असतील. तेवढ्या त्या हाताळल्या गेल्या. साबणाच्या कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवा, उन्हात वाळवा, उसवलेलं शिवा. विकायला काढायच्या असतील तर बाहुली म्हणून विका. 'एचआयव्हीबाधितांनी बनवलेली' अशी चिठ्ठी लावून दया विकू नका. मला विचाराल तर विकण्यापेक्षा फिरवाव्यात : पाच-सहा बाहुल्या तपासणी केंद्राच्या बाकावर, पंगत पुढच्या गावच्या ग्रामसभेला, जोडपं महाविद्यालयाच्या रेड रिबन क्लबला. कोणत्या बाहुल्या कुठे गेल्या याची वही ठेवा आणि पाट्या बाहुल्यांबरोबरच पाठवा, नाहीतर पुढच्या ठिकाणी नव्याने चुकीच्या लिहिल्या जातात.

डिसेंबरअखेर समुपदेशकांना भेटून फक्त एक आकडा विचारा : गेल्या महिन्यात स्वतःहून तपासणीला आलेले किती? नावं नाहीत, निकाल नाहीत. आकडा थोडा वाढलेला असेल, नसेलही. प्रश्नांच्या पेटीतले कागद त्यांच्याकडूनच विषयवार लावून घ्या. ज्या गोष्टीबद्दल सगळ्यात जास्त विचारलं गेलं, त्या गोष्टीच्या बाहुल्या पुढच्या वर्षीच्या यादीत सगळ्यात वर लिहा.